गप्प म्हणजे हो

"माझ्या बायकोचा खून झालाय," दारात उभा राहिलेला माणूस म्हणाला. "दुसऱ्यांदा."

वकिलाच्या कपातला चहा बशीत सांडला. बाईंनी मात्र चष्मा पुसायचं थांबवलं नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी पहिल्या वेळेचं सांगा."

बाईंनी सारं आयुष्य शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे आपापली न सुटलेली गणितं घेऊन यायला लागले. कुणाची बांगडी हरवलेली, कुणाचा जावई. वकील त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणून बाई अजून त्याला 'मागचा बाक' म्हणत. आता त्याचं डोकं पिकलं होतं, वकिली चालत नव्हती, गाडी मात्र चालत होती. बाईंना इकडून तिकडे नेणं आणि त्यांच्या शेजारी बसून काहीही न कळणं, ही दोन कामं तो मन लावून करत असे.

आलेला माणूस साठीचा असावा. शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मी इंजिनिअर," तो म्हणाला. "म्हणजे होतो. बायकोला घशाचा आजार झाला. ऑपरेशन केलं तर आवाज जाणार, नाही केलं तर ती जाणार. ऑपरेशनच्या आधी ती रोज पुढच्या खोलीत बसून बोलायची आणि मी रेकॉर्ड करायचो. लहानपणच्या गोष्टी, मुलाच्या जन्माची हकीकत, मला द्यायच्या शिव्यासुद्धा. म्हणाली, तुम्हाला नंतर लागतील. मग आवाज गेला. काही दिवस तशीच, मुकी, काढली तिने आणि मग तीही गेली. ते सगळं बोलणं माझ्या घरातल्या सर्व्हरवर होतं. आता नाहीये. कुणीतरी पुसलं."

त्याने पिशवीतून एक काळी डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"असल्या गोष्टी घरी कशाला ठेवता?" वकील म्हणाला. "माझे सगळे फोटो मी त्या मोठ्या कंपनीकडे टाकतो. आपल्याला डोक्याला ताप नाही."

इंजिनिअर हसला. ते हसू बघून वकिलाला आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"मी तसल्याच कंपनीत होतो, साहेब. 'तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित आहेत' हे वाक्य पडद्यावर मीच चढवलं होतं. मग वरच्यांना वाटलं, यात फायदा नाही, बंद करा. लोकांना मेल गेले. निम्म्या लोकांनी ते उघडलेसुद्धा नाहीत. ठरल्या दिवशी सगळं पुसायचं बटण मी दाबलं. पुढच्याच महिन्यात मलाही काढलं, व्हिडिओ कॉलवर. त्या मुलीला माझं नाव धड उच्चारता येत नव्हतं. आणि ज्यांनी हात जोडून सांगितलं होतं, आमचं पुसा, त्यांचं कंपनीने कधी पुसलं नाही. म्हणून माझ्या घरी नियम असा, की ठेवायचं ते स्वतःकडे ठेवायचं आणि पुसायचं ते पार घासून पुसायचं. माझ्या सर्व्हरवरून पुसलेलं परत येत नाही. दोन जाणकारांना दाखवलंय. डिस्क कोरी आहे."

"दुसरी प्रत?" बाईंनी विचारलं.

"मेहुणीच्या घरी, बंद कपाटात. किल्ली माझ्याकडे. दोन्ही यंत्रं रोज एकमेकांशी पडताळा करतात आणि सारखी होतात. जो बदल सगळ्यात नवा, तो दोन्हीकडे. तीही कोरी आहे. घरच्या नोंदीत दिसतं, की इथलं रविवारी दुपारी पुसलं गेलं. रविवारी दुपारी मी झोपलो होतो आणि घरात फक्त माझा मुलगा होता."

"मुलाशी पटत नाही तुमचं."

"तो तसल्याच कंपनीत आहे. म्हणत होता, आईचा आवाज आमच्याकडे पण ठेवू. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. त्यावरून कडाक्याचं वाजलं होतं. पुसल्याचं कळल्यावर मी त्याला तोंडावर विचारलं, तू केलंस का? तो गप्प बसला."

"म्हणजे?"

"आमच्या घरात गप्प म्हणजे हो. पहिल्यापासून. बायकोला काही विचारलं आणि ती बोलली नाही, म्हणजे होकार. तिचा आवाज गेल्यावर तर याच नियमावर घर चालायचं. नको असेल तर ती हात हलवायची." इंजिनिअरने डिस्क परत पिशवीत ठेवली. "मुलगा बायको-पोराला घेऊन दूर चाललाय, बदलीवर. उद्या निघेल. तो असेल तर त्याने माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये. आणि तो नसेल, तर मी त्याला जे बोललोय ते... मला तो जायच्या आत कळायला हवं, बाई. काहीही असो, पण कळायला हवं."

"काहीही असो," बाईंनी तेच शब्द सावकाश उच्चारले. "हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण नंतर विसरतात."

---

इंजिनिअरचं घर नीटनेटकं होतं, पण तिथे कुणी राहत असल्यासारखं वाटत नव्हतं. बैठकीत दोन खुर्च्या, एक सोफा. भिंतीतल्या फळीवर गोलसर काहीतरी होतं आणि त्यावर करड्या रंगाचा लोकरीचा स्कार्फ गुंडाळलेला होता. वकिलाने पाण्याचा पेला त्याच्या शेजारी ठेवला, तसा इंजिनिअरने तो लगेच उचलून दुसरीकडे ठेवला.

"तिचा आहे," तो म्हणाला. "गळ्याची जखम झाकायला घालायची."

वकील ओशाळला. आत येताना बूट काढायच्या नादात त्याने पुढचं दार अर्धवट उघडं टाकलं होतं, हेही त्याच्या आता लक्षात आलं. गार वारा पायांना झोंबत होता. चौकटीवर अंगठ्याएवढी एक पांढरी डबी चिकटवलेली होती. बेल असेल, असं समजून तो दार लावून आला. बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

सर्व्हर मागच्या अडगळीच्या खोलीत होता. एक छोटी पेटी, तिच्या शेजारी इंटरनेटचा डबा आणि डिस्कची रिकामी जागा. प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी आणि तिच्यावर इंजिनिअरच्या बारीक अक्षरात तिचं काम लिहिलेलं. भिंतीवर विजेचा कोराकरकरीत बोर्ड. बोर्डातून एक नारंगी एक्स्टेंशन निघाली होती आणि डिस्कची पिन तिच्यात खोचलेली होती.

"हा बोर्ड नवा दिसतोय."

"पुसलं गेलं त्याच्या आदल्या आठवड्यात जुना जळाला. वायरमनकडून बदलून घेतला."

"या खोलीत तुम्ही नेहमी येता?"

"नाही. ती गेल्यापासून..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. "यंत्राला माणूस लागत नाही. आपलं आपण चालतं."

"शेवटचं कधी ऐकलं होतंत तिचं बोलणं?"

इंजिनिअर एका वायरीवरची पट्टी नीट करू लागला.

"एकदाही नाही," तो म्हणाला. "धीरच झाला नाही. आहे, सुरक्षित आहे, एवढं पुरेसं वाटायचं. मेहुणीने मागितलं, मुलाने मागितलं. मी म्हणायचो, अजून नाही. आधी मी ऐकेन, मग तुम्ही. ती गेल्याला वर्ष झालं तो सोमवार होता. त्या दिवशी हिय्या करून बसलो. उघडलं तर काही नाही."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"यंत्राने स्वतःहून पुसलं असेल, असं होऊ शकतं?"

"शक्य नाही!" इंजिनिअर ताठ झाला. "मी तीस वर्षं हेच केलंय. पुष्कळ काही एकदम नाहीसं झालेलं दिसलं, तर माझं यंत्र आधी विचारतं. काही दिवस रोज विचारतं, मगच पुढचं पाऊल उचलतं. बायकोने आणि मी बसून बनवलंय ते. आमच्या घराचे जे नियम तेच त्याला शिकवलेत. एकदा ठरलं की पुन्हा पुन्हा विचारून डोकं खायचं नाही, हा तिचा नियम."

"विचारतं म्हणजे फोनवर?"

"फोन ही कंपन्यांची भानगड. माझं यंत्र घरातल्या घरात विचारतं. आणि या वेळी विचारलं नाही. म्हणजे माणसानेच, पासवर्ड टाकून, हाताने पुसलंय."

बाईंनी नारंगी एक्स्टेंशन उलटसुलट करून पाहिली आणि जागेवर ठेवली. तिच्यावर पट्टी नव्हती.

---

वायरमन एका दुकानाच्या मागे शिडीवर चढलेला सापडला. तो खाली उतरला नाही. प्रश्नांची उत्तरं त्याने वरूनच दिली.

"हो, मीच बसवला बोर्ड. घराची सगळी वीज बंद करून. जुन्यात तीन पिना होत्या, नव्यात जागा दोनच. पेटीची लावली, त्या डब्याची लावली. एक उरली, ती नीट गुंडाळून वर ठेवली."

"मालकांना सांगितलंत?"

"सांगणार होतो. ते आतल्या खोलीत पडले होते. हाक मारली तर म्हणाले, झालं ना? मग या. पैसे टेबलावर होते, घेतले आणि आलो. का हो? काही जळलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जळलं नाही काही."

गाडीत बसल्यावर वकिलाच्या डोक्यात उजेड पडला. "बाई! तिसरी पिन डिस्कची! म्हणजे डिस्क बंदच होती. बंद डिस्कवरचं पुसणार कसं?"

"शाबास. मग पुसलं कसं?"

वकिलाने दोन चौक जाईपर्यंत विचार केला आणि मग गाडीकडे लक्ष दिलं.

---

मेहुणी एकटी राहत होती. तिच्या घरचं यंत्र पलंगाच्या उशाशी, भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद होतं.

"मी कशाला पुसू?" ती उसळली. "माझी सख्खी बहीण! भाऊजींना कितीदा म्हटलं, माझ्या उशाशी ताई ठेवलीय आणि मला तिचा एक शब्द ऐकू देत नाही. एक वाक्य द्या. म्हणाले, अजून नाही. रागाने हे कपाट फोडावंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण फोडलं नाही. बघा कुलूप."

कुलूप धड होतं.

"हे यंत्र आवाज करतं?"

"रोज थोडी कुरकुर. सवय झाली होती, ताईच कूस बदलतेय असं वाटायचं. त्या बुधवारी मात्र कहर केला. मी दाढ काढून आले होते, गाल हा एवढा सुजलेला, जरा पडावं म्हटलं तर हे तासन्‌तास करकरतंय. आणि त्यानंतर गप्प. अगदी गप्प."

"बुधवार नक्की?"

"दाढ काही रोज काढत नाही मी."

निघताना ती दारापर्यंत आली. "ताईचं त्या घरावर फार लक्ष," ती डोळे पुसत म्हणाली. "दार जरा उघडं राहिलं की ओरडायची. तिला पोहोचवून आम्ही परत आलो, माणसांची ये-जा चाललेली, दार सताड उघडं, आणि ती आपली सारखी ओरडतेय, दार उघडं राहिलंय, दार उघडं राहिलंय. लोक कावरेबावरे झाले. भाऊजी उठून गेले. त्यानंतर त्या घरात तिचा आवाज नाही."

वकिलाने मान खाली घातली. दुःखात माणसाला असे भास होतात, हे त्याला ठाऊक होतं. गाडीत तो तसं म्हणालाही.

"मागच्या बाका," बाई म्हणाल्या, "भास सगळ्यांना एकदम होत नाहीत."

गणित सुटल्यावर त्यांचा चेहरा खुलायचा, हे वकिलाने शाळेपासून पाहिलं होतं. आज तो खुलला नव्हता.

---

मुलाच्या घरात खोकीच खोकी होती. सून जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. मुलगा दाढी वाढलेला, डोळे लाल.

"मीच पुसलं," बाईंनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "लिहून हवं असेल तर लिहून देतो."

वकिलाने सुटकेचा श्वास टाकला.

"का पुसलंस?"

"रागाने. बाबा ऐकत नव्हते, ऐकू देत नव्हते. मग असून काय उपयोग?"

"कसं पुसलंस?"

"खोलीत गेलो, पासवर्ड टाकला, इथलं सगळं पुसलं. तिकडचं त्या रात्री आपोआप गेलं. दोन्ही सारखी होतात ना."

"आधी इथलं, मग तिकडचं."

"हो."

"अरे," सून भांडी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "टीव्हीमागची नारंगी वायर कुठे गेली? सगळं बांधलं, तीच सापडत नाहीये."

"राहू दे ती!" मुलगा एकदम ओरडला. "तिकडे गेल्यावर नवी घेऊ."

सून चकित होऊन बघत राहिली. असं ओरडायची त्याला सवय नसावी.

बाई उठल्या. "उद्या निघण्याआधी बाबांकडे ये."

"नाही येणार. त्यांनी ठरवलंय ना मी केलं म्हणून? मग तसंच राहू दे. बाई, तुमच्या पाया पडतो, तसंच राहू दे."

"तू ये," बाई म्हणाल्या. "तू नाही आलास तरी मला तिथे बोलावं लागणार आहे. मग त्यांच्याजवळ कुणीच नसेल."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे इंजिनिअरच्या बैठकीत जमले. मेहुणी सोफ्याच्या टोकाला, इंजिनिअर खुर्चीत. मुलगा दाराजवळ उभाच, प्रवासाचा कोट अंगात.

"तो कबूल झालाय असं कळलं," इंजिनिअर म्हणाला. मुलाकडे त्याने पाहिलं नाही. "मग आता काय राहिलं?"

"तो खोटं बोलतोय," बाई म्हणाल्या.

मुलाने डोळे मिटून घेतले.

"तो म्हणाला, आधी इथलं पुसलं, मग तिकडचं गेलं. पण तिकडचं यंत्र बुधवारी तासन्‌तास करकरत होतं. तुमचं यंत्र पार घासून पुसतं, हे तुम्हीच सांगितलंत, आणि त्याला वेळ लागतो. इथलं गेलं रविवारी. म्हणजे प्रत आधी गेली आणि मूळ नंतर. बुधवारी या घरात कोण होतं?"

"मी," इंजिनिअर म्हणाला. "मी एकटाच. पण मी—"

"तुम्ही हात लावला नाहीत. खरं आहे. वायरमनने बोर्ड बदलला तेव्हा एक पिन उरली होती. ती तुमच्या डिस्कची. वीज परत आली, यंत्र आपलं आपण सुरू झालं आणि त्याने आवाजांची जागा तपासली. डिस्क बंद, म्हणून जागा रिकामी. यंत्राला काय वाटणार? मालकाने सगळं काढून टाकलं. सगळ्यात नवा बदल तोच. मग तिकडचंही काढायला हवं, दोन्ही सारखी व्हायला हवीत."

"पण ते विचारतं!" इंजिनिअर जवळजवळ ओरडला. "पुसायच्या आधी विचारतं! मी सांगितलं ना तुम्हाला!"

"विचारलं असणार. रोज. आठवडाभर."

"मग मला ऐकू आलं असतं!"

बाईंनी फक्त भिंतीतल्या फळीकडे पाहिलं. करडा स्कार्फ तिथेच होता.

वकिलाला आता कुठे कळायला लागलं. चौकटीवरची पांढरी डबी, दारावर लक्ष ठेवणारी. भरल्या घरात ओरडणारी मेलेली बाई.

"तुमचं घर बोलायचं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दार उघडं राहिलं की बोलायचं. तिच्या आवाजात. काल आमच्या या गृहस्थाने दार बराच वेळ उघडं टाकलं, तरी कुणी काही बोललं नाही. तिला पोहोचवून आलात त्या दिवशी तुम्ही स्पीकरचा आवाज शून्यावर नेलात आणि वर तिचा स्कार्फ गुंडाळलात. सहन होत नव्हतं. कुणालाच झालं नसतं. पण दाराचं सांगणारा स्पीकर आणि यंत्राचा प्रश्न विचारणारा स्पीकर एकच. बरोबर?"

इंजिनिअरने स्कार्फवरून नजर काढून घेतली.

"ती रोज विचारत होती. तुम्ही नाही म्हटलं असतंत तर थांबली असती. उत्तर आलं नाही आणि या घरात उत्तर न देण्याचा अर्थ काय, हे यंत्राला तुम्हीच शिकवलं होतं."

मेहुणीने तोंडावर हात दाबून धरला होता.

"मग रविवार," इंजिनिअर कसाबसा म्हणाला. "रविवारी याने..."

"रविवारी तो आला, तुम्ही झोपला होतात. त्या खोलीत तुमच्या हाताची पट्टी नसलेली एकच वस्तू आहे, ती नारंगी एक्स्टेंशन. ती याच्या टीव्हीमागची. पुसायला आलेला माणूस डिस्कला वीज द्यायला घरून वायर आणतो का? आधी कधीतरी येऊन याने डिस्कचा दिवा बंद पाहिला असेल."

"शनिवारी आलो होतो," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्ही बोलला नाहीत माझ्याशी. मी मागे गेलो, दिवा बंद दिसला, बोर्डात जागा नव्हती. रविवारी वायर घेऊन आलो. वाटलं, सोमवारी वर्ष होतंय, तुम्ही ऐकायला बसाल. डिस्क सुरू झाली, दिवा लागला. बरं वाटलं मला. तसाच घरी गेलो."

"आणि यंत्राने पाहिलं," बाई म्हणाल्या, "की जे काढून टाकायचं ठरलं होतं ते इथे परत आलंय. एकदा ठरलेलं पुन्हा विचारायचं नाही. त्याने विचारलं नाही."

"तुला कधी कळलं?" इंजिनिअरने मुलाला विचारलं.

"तुम्ही मला विचारलंत तेव्हा. तू केलंस का म्हणालात, तेवढ्यात डोक्यात सगळं जुळलं. स्कार्फ समोरच दिसत होता. मी बोललो असतो तर तुम्हीही जुळवलं असतंत." त्याने बाईंकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत उघडा राग होता. "मला शिव्या घालून ते जगले असते. चोर सापडला म्हणून जगले असते. तुम्हाला गप्प बसता आलं नसतं का?"

"ते म्हणाले होते, काहीही असो, कळायला हवं," बाई म्हणाल्या. वकिलाने त्यांचा आवाज इतका थकलेला कधी ऐकला नव्हता. "आणि तू चोर म्हणून गेला असतास तर त्यांनी तुलाही कायमचं दार बंद केलं असतं. मला यातलं एक निवडायचं होतं. बरोबर निवडलं की नाही, मला माहीत नाही."

इंजिनिअर उठला. म्हाताऱ्या माणसासारखा, खुर्चीचा हात धरून. फळीजवळ गेला, स्कार्फ सोडवला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला. खाली एक साधा पांढरा स्पीकर होता. त्याचं बटण त्याने हळूहळू फिरवलं.

काही झालं नाही.

"यंत्राचे प्रश्न पेटीतच होते, तिच्याच आवाजातले," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बाकीच्या आवाजांबरोबर तेही पुसले गेले. दाराचं तेवढं याच्या पोटात आहे. एकच वाक्य. बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही."

मुलगा काहीतरी बोलेल म्हणून वकील वाट पाहत होता. बाप बोलेल म्हणूनही. दोघे गप्प होते. इतके दिवस या घरात गप्प राहण्याचा एकच अर्थ होता. आता त्याचा काय अर्थ घ्यायचा, ते त्या दोघांनाही कळत नसावं.

शेवटी मुलाने कोटाची बटणं लावली. "गाडी थांबलीय," तो म्हणाला आणि बाहेर पडला. दार त्याने लोटलं नाही. ते तसंच सताड उघडं राहिलं. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली. गार वारा आत आला, टेबलावरचा कागद उडाला.

मेहुणी आवाज न करता रडत होती. वकिलाला तिथे बसवेना. निदान दार तरी लावावं म्हणून तो उठला.

आणि स्पीकर खरखरला.

"अहो," एक बाई म्हणाली. आवाज जरा घोगरा होता, थोडा चिडका आणि अगदी जवळचा, आतल्या खोलीतून हाक मारावी तसा. "दार उघडं राहिलंय. थंडी आत येतेय."

पायऱ्यांवरची पावलं थांबली.

वकील धावतच दाराकडे निघाला, पण बाईंनी त्याची बाही घट्ट पकडली.

"बस खाली," त्या कुजबुजल्या. "दार लावलंस की ती बोलायची थांबेल."

तो बसला. दारातून मुलगा दिसत होता. मधल्या पायरीवर घराकडे पाठ करून उभा, कोटाच्या खिशात हात. वर येत नव्हता, खालीही जात नव्हता. फाटकापाशी गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"अहो, दार उघडं राहिलंय. थंडी आत येतेय."

इंजिनिअर स्पीकरसमोर उभा होता. खांद्यावरचा स्कार्फ त्याने दोन्ही हातांनी धरला होता, पहिल्या दिवशी पिशवी धरली होती तसा.

"असू दे," तो म्हणाला. "असू दे गं."

त्या दुपारी ते दार कुणी लावलं नाही.